विमानतळासाठी शिवलेली बाही

अन्याय झाला तो माझ्या आईवर. तिचं नाव बालामणी. मी बारावीत होते त्या वर्षी, दिवाळी होऊन दुसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी, सकाळी साडेअकराला पाच मिनिटं कमी असताना, सोलापूरच्या विमानतळावरच्या एका पत्र्याच्या खोलीत तिने एका इंग्रजी कागदावर सही केली. वाऱ्याची दिशा दाखवायला धावपट्टीजवळच्या खांबावर एक कापडी बाही लावलेली असते. ती बाही माझ्या आईने कुणालाही न विचारता घरच्या कापडाची शिवली आणि तिच्या नवऱ्याने ती परस्पर खांबावर चढवली, असं त्या कागदात लिहिलं होतं. ते खोटं आहे. वेळ मला मिनिटापर्यंत आठवते, कारण त्या खोलीत घड्याळ सोडून बघण्यासारखं काही नव्हतं, आणि आईच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

पत्रकात एवढं लिहून भागतं. विडी वळणाऱ्या बायकांसाठी, टॉवेल कारखान्यातल्या कामगारांसाठी मी इतकी वर्षं तेच लिहीत आले. कोणावर, केव्हा, कुणी, आणि आमची मागणी काय. पान संपतं, मोर्चा निघतो, निवेदन दिलं जातं, साहेब ते टेबलावर ठेवून घेतात. माझं वय अजून फार झालेलं नाही, पण दमायला वय लागत नाही. घरचं लिहायला बसले तर ते एका पानात मावेना. म्हणून सावकाश लिहिते.

आम्ही पूर्व भागात राहायचो, एका शेठच्या यंत्रमागांच्या शेडला लागून असलेल्या दोन खोल्यांत. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. आई म्हणजे अम्मा, वडील म्हणजे नायना. माग सकाळी सुरू झाले की आमच्या भिंतीवरची भांडी दिवसभर बारीक थरथरत असायची, आणि आम्ही सगळी मोठ्याने बोलायचो. पुढे कॉलेजात मैत्रिणी म्हणायच्या, तू भांडतेस का बोलतेस? आमच्या गल्लीतली तान्ही पोरं आवाजाने कधी उठायची नाहीत. वीज गेली, माग थांबले, की एकदम सगळ्या घरांतून रडणं सुरू व्हायचं. विमानाचा आवाजही आम्हाला तेव्हाच ऐकू यायचा, वीज गेल्यावर. अम्मा शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "गेलं बघ नायनाचं पाखरू."

नायना आधी मागावरच होता. सुताच्या तुसाने छाती धरली, डॉक्टरांनी शेडमध्ये जाऊ नका म्हणून सांगितलं, तेव्हा ओळखीच्या एकाने त्याला विमानतळावर लावलं. तिथल्या देखभालीचा ठेका एका कंपनीकडे होता. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. ती केव्हाच बंद झाली आणि तीच माणसं आता दुसऱ्या नावाने दुसरीकडे असतील. नायनाचं काम गवत कापायचं आणि कुत्री हाकलायची. रोजचं प्रवासी विमान त्या दिवसांत तिथून उडत नव्हतं. यायची ती खाजगी विमानं, कारखानदारांची, पुढाऱ्यांची, कधी एखादा पेशंट पुण्यामुंबईला न्यायला आलेलं. कधी आठवडाभर एकही नाही, निवडणुका लागल्या की दिवसात चार. विमान यायचं कळलं की नायना सायकलवर टांग टाकायचा, एका हातात काठी धरून धावपट्टीच्या पार त्या टोकापर्यंत घंटी वाजवत जायचा, आणि मधली कुत्री, शेळ्या, एखादी चुकार म्हैस बाजूला काढत परत यायचा. परत आला की हात वर करायचा. कोट्यवधींचं विमान त्या सायकलच्या घंटीवर उतरायचं. मला त्याचा भयंकर अभिमान होता. वर्गात मात्र मी सांगायची, वडील एअरपोर्टवर आहेत, आणि पुढचं विचारू द्यायची नाही.

रविवारी त्याचा डबा पोचवायचं काम माझं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, आणि एका घट्ट झाकणाच्या डब्यात अम्माचा चारू, म्हणजे चिंचेचं पातळ, लसणाच्या फोडणीचं सार. गेटवरचा वॉचमन वही पुढे करायचा आणि म्हणायचा, "लिहा मॅडम, कोणत्या विमानाने आलात?" मीही लिहायची, 'सायकल.' आत गेलं की एकदम ओसाड. जुनं विमानतळ ते, किती जुनं ते कुणाला धड ठाऊक नव्हतं. विचारलं की नायना कडेच्या बसक्या दगडी खोलीकडे बोट दाखवायचा आणि दर वेळी वेगळी गोष्ट सांगायचा, कधी गोऱ्या साहेबाची, कधी कुठल्या संस्थानिकाची. त्या खोलीच्या सावलीत आम्ही जेवायचो. पुढे तापलेल्या डांबराचा वास, गुडघाभर कुसळी गवत, आणि टिटव्या. टिटवीने धावपट्टीच्या कडेला अंडी घातली की नायना भोवती चार दगड मांडून ठेवायचा, म्हणजे गवत कापताना विळा तिकडे जाऊ नये. सोलापुरात एवढी शांतता मी दुसरीकडे कुठे ऐकलेली नाही. पहिल्या वेळी तर मला तिथे बसून झोपच लागली.

आणि ती बाही. इंग्रजीत तिला विंडसॉक म्हणतात, पण नायना बाहीच म्हणायचा, कारण होतीच ती तशी, एखाद्या राक्षसाच्या सदऱ्याची बाही कापून खांबाला बांधावी तशी. तिथल्या टॉवरवर तेव्हा कुणी नसायचं. वैमानिक वरून एक चक्कर मारायचा, बाही कुठल्या बाजूला फुगली आहे ते बघायचा, आणि वाऱ्याला तोंड देऊन उतरायचा. विमानाला वारा समोरून लागतो. पाठीमागून आला तर ते लवकर थांबत नाही.

त्या दिवाळीच्या सुमाराला एका वावटळीत बाही उभी फाटली. नवीन मागवली होती, आली नव्हती. आणि रविवारी बार्शीच्या एका लग्नाला मुंबईहून मोठे पाहुणे विमानाने यायचे होते. गुरुवारी दुपारी ठेकेदार कंपनीचा सुपरवायझर नायनाच्या मागोमाग आमच्या घरी आला. माळशिरसकडचा माणूस, गोड बोलणारा. एरवी तो नायनाला "ए नाग्या" म्हणून हाक मारायचा. दारात चपला काढता काढता म्हणाला, "वहिनी, नागेशराव लई सांगत्यात तुमच्या शिलाईचं. आमचं एवढं काम करा की."

नायना माझ्या कानात तेलुगूत पुटपुटला, "बघ, आज मी राव झालो."

सुपरवायझरने पिशवीतून फाटकी बाही काढली. अम्माने ती चिमटीत धरली. ती टॉवेलांचे काठ शिवायची, दिवसाकाठी ढीगच्या ढीग, आणि कापड हातात घेतल्याशिवाय तिला बोलताच यायचं नाही. "हे कापड आहे? ह्यातून चहा गाळावा."

"तेच म्हंतो मी! कंपनीचा माल असलाच येतो. तुमी आपलं सोलापुरी टिकाऊ शिवा. दोन वरसं बघाया नगो."

"रंग?"

"नारिंगी-पांडरा पट्टा ठेवा. बाकी तुमच्यावर."

हे बोलणं मी ऐकलं आहे. मी तिथेच जमिनीवर बसून अभ्यास करत होते. पुढे कुणी म्हणालं की पोरगी आईची बाजू घेते, म्हणून सांगून ठेवते. तो आला, त्याने मागितलं, टिकाऊ शिवा म्हणाला.

आता चुकीचं सांगते, कारण चूक झाली हेही खरं आहे. आमच्या गावात चादर घेताना गिऱ्हाईक रंग नंतर बघतं, आधी घडी हातावर तोलतं. जड लागली तर चांगली. माझ्या अम्माच्या अंगात हे मुरलेलं. तिने शेठच्या शेडमधून चादरीच्या मागावरचं दुपदरी सुताचं घट्ट विणीचं पांढरं कापड मागून आणलं, त्यातलं अर्धं नारिंगी रंगवलं, आत अस्तर लावलं, आणि प्रत्येक जोडावर शिवण दोनदा घातली. शुक्रवारभर ती त्याच्यावर बसली होती. तोंडाशी कडी बांधायची भोकं तिने मशीनवर केली नाहीत, सदऱ्याची काजं करतात तशी हाताने, एकेक टाका ओढून केली. नायना एकदा म्हणाला, "ते पहिलं पातळ होतं गं."

"म्हणूनच फाटलं ना?"

नायनाने मान डोलावली आणि तिला दोरा ओवून दिला. मलाही ते पटलं, आणि मी बारावी सायन्सला होते. माझ्या मांडीवर भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडं होतं. हलकं कापड उडायला हलका वारा पुरतो, जड कापडाला जोराचा लागतो, एवढं त्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्या कुठल्या गावातल्या बाईने छत्रीचं कापड घेतलं असतं आणि सुटली असती. आमच्या अम्माने तिला येत होतं त्यातलं सर्वांत चांगलं दिलं.

शनिवारी ती स्वतः आली. विमानतळ बघायची तिची ती पहिली वेळ. ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती आणि गेटवरच्या वहीत तिने हळूहळू, जोडाक्षराला थांबून, आपलं पूर्ण नाव लिहिलं. सुपरवायझरने बाही हातावर घेतली, तोलली, दोन्ही हातांनी ओढून बघितली. "ह्याला म्हंत्यात काम!" त्यानेच खांबाला हळदकुंकू लावलं, त्यानेच नारळ फोडला, नायनाने दोरी ओढली. बाही वर गेली आणि सरळ खाली लोंबत राहिली. "वारा पडलाय आज," सुपरवायझर म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. अम्मा खोबऱ्याचा तुकडा हातात धरून वर बघत उभी होती. ऊन डोळ्यांवर येत होतं तरी बघत होती. त्याआधी तिने शिवलेला प्रत्येक टॉवेल गठ्ठ्यात बांधून कुठल्या कुठे गेला होता. तिचं काम एवढ्या उंचावर कुणी लावलं नव्हतं.

रविवारी मी डबा घेऊन गेले तेव्हा वारा होता. फार नाही, पण ओढणी सावरावी लागत होती. बाही तशीच लोंबत होती. माझ्या मनात काही आलं नाही. विमानाने चक्कर मारली. लोंबती बाही बघून वैमानिकाला वारा पडलाय असंच वाटलं. नायना सायकलवरून कुत्री हाकत त्या टोकाला पोचला होता. तिथे गवत एका बाजूला पडलं होतं आणि विमान वाऱ्याच्या पाठीवर बसून येत होतं, ते त्याला दिसलं. त्याने खांद्यावरचा टॉवेल काढला आणि धावपट्टीच्या मधोमध उभा राहून जोरजोरात हलवायला लागला. पुढे विमानातली एक बाई म्हणाली, "आम्हाला वाटलं, स्वागताला आलेत. आम्ही पण हात केला."

विमान टेकलं, पळत राहिलं, नायना बाजूला उडी मारून पडला, आणि ते धावपट्टी संपवून गवतात शिरलं. एक चाक चरात गेलं. पुढचा पंखा मातीत घुसून वाकला. मोठा आवाजसुद्धा झाला नाही, बैलगाडी कलंडावी तसं ते एका अंगाला झुकलं आणि थांबलं. कुणाला काही लागलं नाही. रेशमी साड्यांतल्या बायका कुसळांतून उतरल्या आणि एकमेकींच्या निऱ्यांतली कुसळं काढत उभ्या राहिल्या. एक म्हातारे गृहस्थ सारखं विचारत होते, "बार्शी आली का?"

वैमानिक मात्र सरळ खांबापाशी गेला. बाही खाली उतरवून घेतली, हातात धरली. मी जवळच होते. त्याने विचारलं, "किसने सिया?"

"मेरी माँ ने."

त्याने शिवण बोटाने चाचपली. "सिलाई अव्वल है. पर बेटा, ये हवा से नहीं उठेगी. इसको तो आँधी चाहिए." मग सुपरवायझरकडे वळून म्हणाला, "आपने देखा नहीं?" सुपरवायझर तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलला. वैमानिक त्याच संध्याकाळी गाडीने निघून गेला. तो सोमवारी तिथे असता तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती, असं मला वाटतं. कदाचित आलीही असती.

सोमवारी आम्हा तिघांना बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद. सुपरवायझर आता वहिनी म्हणत नव्हता. "बाई, चौकशी येनार हाय. ह्याच्यावर सही करा आनि मोकळ्या व्हा. न्हाय केली तर केस हुईल, मग माज्या हातात काय न्हाय. केली तर नाग्याचं काम मी ठिवतो. पोरगी शिकल्याली हाय की तुमची, तिला वाचू द्या."

मी वाचलं. कागद अर्ध्या पानाचा होता. इंग्रजी सोपं होतं, मला प्रत्येक शब्द कळला. न सांगता शिवली. परवानगी न घेता लावली. कंपनीला कल्पना नव्हती. मी नायनाकडे बघितलं. तो खाली बघत छातीवर हात चोळत होता, खोकला यायच्या आधी चोळायचा तसा. शेडमध्ये परत गेला तर किती दिवस काढेल, हा हिशेब मी त्या एका क्षणात केला. अम्माने विचारलं, "एम् रासिन्रु, बिड्डा?" काय लिहिलंय, बाळा?

मी म्हणाले, तू शिवलीस असं लिहिलंय.

"ते तर खरंच आहे," ती तेलुगूत म्हणाली. "जड झाली, तेही माझंच चुकलं. तेही लिहिलंय का?"

"संतकम् पेट्टु, अम्मा," मी म्हणाले. सही कर.

तिने पदराने हात पुसला आणि मराठीत, वळणदार सही केली. साडेअकराला पाच कमी होते.

काम राहिलं नाही, हे सांगायला नको. पौर्णिमेच्या आत नायनाला घरी बसवलं. एका वर्तमानपत्रात कोपऱ्यात बातमी आली, त्यात तो कागद जवळजवळ जसाच्या तसा छापला होता. शेजारच्या बाईने ती दारात उभं राहून मोठ्याने वाचली. अम्मा भांडी घासत होती. ऐकून झाल्यावर तिने हात धुतले, आत आली, आणि मला विचारलं, "तू वाचला होतास ना तो कागद?"

"वाचला होता."

"बरं," ती म्हणाली, आणि चारूला फोडणी द्यायला बसली. तिने मला कधी रागावून विचारलं असतं तर बरं झालं असतं.

नळावर बायका तिला हाक मारायच्या, "काय गं विमानवाले, आज कुणाला पाडतेस?" ती हसून घ्यायची. टॉवेल शिवायला देणाऱ्या शेठने मात्र दोन महिने काम दिलं नाही. चोरून कापड लावणारी बाई, कोण जाणे आपल्या गठ्ठ्यातलंही फिरवेल, असं तो कुणाजवळ तरी बोलला, ते आमच्यापर्यंत आलं. त्या दिवशी पहिल्यांदा ती हसली नाही. जेवलीही नाही. वर्षं गेल्यावर एकदाच बोलली, "वजन चुकलं. हजारदा सांगीन, माझं चुकलं. पण परस्पर कशाला करीन मी? मला त्या खांबापाशी नारळाला बोलावलं होतं."

नायना त्यानंतर तीन उन्हाळे होता. मी पत्रकं लिहायला लागले. लोक विचारतात, तू ह्या कामात कशी आलीस? मी विडी कामगार बायकांचं नाव सांगते. तेही खोटं नाही.

आता विमानतळ चकचकीत झालंय. काचेची इमारत, प्रवासी विमानं, बाहेर रिक्षांची रांग. मध्यंतरी मी अम्माला तिकडे घेऊन गेले. आत जायला तिकीट लागतं, म्हणून आम्ही रस्त्याच्या कडेला जाळीपाशी उभ्या राहिलो. लांब खांबावर नवी बाही होती, पातळ, वाऱ्याने टम्म फुगलेली. अम्माने कपाळावर हात धरून बराच वेळ पाहिलं. "चांगली उडतेय," म्हणाली. मग म्हणाली, "चल, ऊन लागतंय."

त्या कागदाची प्रत मी माहितीच्या अधिकारात मागितली. मिळाली. खाली अम्माची सही आहे, तशीच वळणदार. दुरुस्तीसाठी अर्ज केले. एका टेबलाने सांगितलं, कंपनी आता नाही. दुसऱ्याने सांगितलं, जुना अभिलेख आहे, बदलता येत नाही. तिसऱ्याने विचारलं, एवढ्या वर्षांनी ह्याने काय फरक पडतो? मी पिशवी उचलून उठले. माझ्यात तेवढं भांडण उरलं नव्हतं, आणि उत्तर माझ्या घरात खिडकीपाशी बसून नातीच्या फ्रॉकला काज करत होतं.

मी एकटीने केलं तेवढं आता पुरे झालं. तुम्ही तिथून विमानाने जाता. तुमच्याकडे तिकीट आहे, तुम्हाला आत सोडतात, तुमचं ऐकावं लागतं. पुढच्या वेळी जाल तेव्हा काउंटरवर अभिप्रायाची वही मागा. नाही म्हणाले तर रांग थांबवून मागा. त्यात लिहा: बालामणी यांनी बाही सांगितल्यावरून शिवली, परस्पर लावली नाही, अभिलेखात तसं नोंदवा. खाली तुमचं नाव घाला, गाव घाला. आणि सही करायच्या आधी लिहिलेलं शेजारच्या माणसाला ऐकू जाईल असं मोठ्याने वाचा.